आम्लाची तीव्रता नेमकी कशात?

संहत वेगळे, तीव्र वेगळे

हायड्रोक्लोरिक आणि अ‍ॅसेटिक आम्लांची ०.१ मोलार द्रावणे घ्या. पहिल्याचा सामू १, दुसऱ्याचा सुमारे २.९. आम्ल तेवढेच, पाणीही तेवढेच. पण हायड्रोक्लोरिकचा जवळजवळ प्रत्येक रेणू पाण्यात प्रोटॉन सोडून देतो. अ‍ॅसेटिकच्या शंभरातले जेमतेम एक-दोन. व्हिनेगरमधले हे आम्ल कितीही संहत केले तरी रसायनशास्त्राच्या लेखी सौम्यच.

स्थिरांक कशाचा?

प्रोटॉन सुटणे आणि पुन्हा जोडला जाणे एकाच वेळी चालू असते. समतोल साधला की हायड्रोजन आयन आणि आम्लाचा ऋण आयन यांच्या संहतींचा गुणाकार करायचा आणि त्याला अखंड राहिलेल्या आम्लाच्या संहतीने भागायचे. हा विचरण स्थिरांक. अ‍ॅसेटिकसाठी २५ अंश सेल्सिअसला तो १.८ × १०⁻⁵ येतो. द्रावण ०.००१ मोलारपर्यंत विरल केले, तर बाराहून अधिक टक्के रेणूंचे विचरण होते. स्थिरांक मात्र जागचा हलत नाही. विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी १८८८ मध्ये मांडलेला विरलनाचा नियम तो हाच.

पीकेए

ऋण घातांकांची कटकट नको म्हणून स्थिरांकाचा ऋण लॉगॅरिदम घेतात. अ‍ॅसेटिकचा पीकेए ४.७६. आकडा जितका लहान, तितके आम्ल तीव्र (परीक्षेत हमखास उलटे होते ते इथेच). सामू पीकेएइतका असला की निम्मे रेणू अखंड, निम्मे विचरित. माझ्या मते या आकड्याचा खरा उपयोग हाच.

सरबताच्या बाटलीत

सरबते टिकवायला सोडियम बेंझोएट घालतात. बुरशीच्या पेशीत सहज शिरतो तो बेंझोइक आम्लाचा अखंड, भाररहित रेणू. त्याचा पीकेए ४.२. सामू ३ असलेल्या लिंबू सरबतात दहातले नऊहून अधिक रेणू अखंड असतात. दुधाचा सामू ६.७ च्या आसपास. तिथे हजारात तीनएक. म्हणजे दुधात बेंझोएट जवळपास निकामीच.

सौम्य, पण जीवघेणे

हायड्रोफ्लुओरिक आम्लाचा पीकेए ३.२, म्हणजे तेही सौम्य. तरी ते काच कुरतडते, म्हणून प्लास्टिकच्या बाटलीत ठेवतात. अंगावर सांडले तर भाररहित रेणू त्वचेतून खोल उतरतात. आत गेल्यावर फ्लुओराइड शरीरातले कॅल्शियम बांधून टाकतो. त्याने हृदयाची लयही बिघडू शकते. म्हणून भाजलेली जागा ताबडतोब भरपूर पाण्याने धुऊन तिथे कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल चोळतात आणि रुग्णाला लगेच रुग्णालयात नेतात.