सातव्या मजल्यावरून बादली पडली, तर बिल कोण भरणार? काचा साफ करण्याचा धंदा आणि पब्लिक लायबिलिटी विमा

समजा, पुण्यात बाणेरला एका ऑफिसच्या इमारतीच्या काचा पुसायचं काम चालू आहे. तीन पोरं दोरावर लटकून काम करतायत. दुपारी सातव्या मजल्यावर एकाच्या हातून बादली निसटते. ती खाली उभ्या असलेल्या गाडीच्या काचेवर आदळते, तिथून उडून फुटपाथवरून जाणाऱ्या बाईंच्या खांद्यावर बसते. वरचा पोरगा दचकतो, दोराला झोका बसतो, भिंतीवर आपटून त्याचं मनगट मोडतं. हे सगळं निस्तरेपर्यंत संध्याकाळ होते. तेवढ्यात ऑफिसचा मॅनेजर बोलावून दाखवतो की सकाळी ब्लेडने घासलेल्या काचांवर बारीक ओरखडे आहेत.

एका दिवसात चार बिलं. बाईंच्या उपचाराचं, गाडीचं, पोराच्या हाताचं आणि काचांचं.

धंद्याचा मालक म्हणतो, "टेन्शन नाही, आपला पंचवीस लाखांचा पब्लिक लायबिलिटी विमा आहे."

या चारपैकी साध्या पॉलिसीतून किती बिलं निघतील? बहुतेक वेळा दोनच. बाईंचं आणि गाडीचं. कामगाराचं या पॉलिसीत येत नाही आणि काचांचं येईलच याची खात्री नाही.

म्हणून हा विमा घेताना "किती लाखांचा?" हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं, "यात काय येत नाही?"

हा विमा नेमका कशासाठी असतो?

तुमच्या कामामुळे तिऱ्हाईत माणसाला इजा झाली किंवा त्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं आणि कायद्याने ती भरपाई तुमच्यावर आली, तर विमा कंपनी ती भरते. कोर्टकचेरी झाली तर वकिलाचा खर्चही साधारणपणे यात धरलेला असतो. तिऱ्हाईत म्हणजे तुम्ही आणि तुमचे कामगार सोडून बाकीचे. रस्त्यावरचा माणूस, सोसायटीचा रहिवासी, शेजारचा दुकानदार.

बादली तुमच्या हातून पडली नाही, कामगाराच्या हातून पडली, म्हणून तुम्ही सुटत नाही. कामावर असताना कामगाराने केलेल्या हलगर्जीपणाची भरपाई मालकावर येते. गाडीवाल्याने स्वतःच्या विम्यातून काच बदलून घेतली तरी विषय संपेलच असं नाही. त्याची विमा कंपनी ते पैसे तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकते.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. गुगलवर शोधलं की १९९१ चा पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायदा समोर येतो आणि लोकांना वाटतं की हा विमा सगळ्यांना सक्तीचा आहे. तसं नाही. तो कायदा भोपाळ वायू दुर्घटनेनंतर आला आणि तो घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे. काचा साफ करणाऱ्याला लागते ती वेगळी, आपणहून घ्यायची पॉलिसी. अर्थात, मोठ्या सोसायट्या आणि ऑफिसं तिच्याशिवाय काम देत नाहीत, तेव्हा ती घ्यावीच लागते.

ज्या काचेवर हात, तीच काच बाहेर

काच साफ करणाऱ्याच्या हातून सगळ्यात जास्त धोका कशाला? काचेलाच. आणि अनेक पॉलिसींत नेमकं तेच वगळलेलं असतं. शब्द दोन प्रकारे येतात. एक, "तुमच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली असलेली मालमत्ता". दोन, "ज्या भागावर प्रत्यक्ष काम चालू आहे तो भाग". म्हणजे काच पुसताना शेजारचं एसीचं युनिट तुटलं तर क्लेम बसू शकतो, पण पुसत असलेली काच खराब झाली तर कंपनी हात वर करू शकते.

हे नुकसान होतं कसं, तेही बघा. टफन्ड काच बनवताना भट्टीत काचेची बारीक कणी पृष्ठभागाला चिकटून बसते. वरून दिसत नाही. सिमेंटचे किंवा रंगाचे डाग काढायला ब्लेड फिरवलं की ती कणी सुटते आणि ब्लेडखाली घासत जाते. ओरखडा पडतो. दोष काच बनवणाऱ्याचा असला तरी ब्लेड तुमच्या हातात असतं. दुसरा प्रकार ॲसिडचा. हायड्रोफ्लोरिक ॲसिड असलेलं द्रावण काचच खातं, आणि एकदा धुरकट झालेली काच पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

त्यामुळे एजंटला थेट विचारा, "ज्या काचेवर काम चालू आहे, तिचं नुकसान यात धरलंय का?" नसेल तर जास्तीचा प्रीमियम भरून ते जोडून मिळतं का, ते बघा. मिळत नसेल तर काम सुरू करण्याआधी काचांचे फोटो काढा, एका कोपऱ्यात थोडंसं घासून बघा आणि ब्लेड वापरायला ग्राहकाची लेखी परवानगी घ्या. त्या फोटोंना पैसे पडत नाहीत, पण वाद झाला की तेच कामाला येतात.

कामगारासाठी वेगळी पॉलिसी

मनगट मोडलेला पोरगा तिऱ्हाईत नाही, त्यामुळे पब्लिक लायबिलिटीत तो येत नाही. त्याच्यासाठी कर्मचारी नुकसानभरपाई विमा लागतो. जुने लोक त्याला अजूनही "वर्कमेन कॉम्पेन्सेशन" म्हणतात. १९२३ च्या कायद्यापासून कामावरच्या अपघाताची भरपाई मालकावर आहे, आणि हीच जबाबदारी आता सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. यात चूक कोणाची हे सहसा बघत नाहीत.

आकडा किती असू शकतो? कामगाराचा मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग गुणिले वयानुसार ठरलेला आकडा, असं सूत्र आहे. केंद्राने २०२० मध्ये ठरवलेली १५,००० रुपये पगाराची मर्यादा धरली आणि कामगार ३० वर्षांचा असला, तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. छोट्या धंद्याला एवढी रक्कम खिशातून काढणं अवघड आहे.

तुमची आस्थापना ईएसआयमध्ये नोंदलेली असेल आणि कामगाराचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर ही भरपाई ईएसआयकडून मिळते. पण चार-पाच पोरं घेऊन काम करणारे बरेचसे धंदे त्यात नसतात. त्यांनी ही पॉलिसी घ्यायलाच हवी. आणि फॉर्ममध्ये "साफसफाई कामगार" एवढंच लिहून थांबू नका. उंचीवर, दोरावर काम करतात, हे स्पष्ट लिहा. प्रीमियम वाढेल, पण ही गोष्ट लपवली तर क्लेमच्या वेळी कंपनीच्या हातात आयतं कारण मिळेल.

पंचवीस लाख म्हणजे नक्की किती?

पॉलिसीवर दोन आकडे असतात. एओए म्हणजे एका अपघातासाठी जास्तीत जास्त रक्कम. एओवाय म्हणजे वर्षभरात सगळे अपघात मिळून जास्तीत जास्त रक्कम. दोन्ही पंचवीस लाख असतील आणि जूनमध्ये एका अपघातात वीस लाख गेले, तर उरलेल्या वर्षासाठी पाच लाखच शिल्लक राहतात. एका अपघाताला पंचवीस लाख आणि वर्षाला पन्नास लाख, अशीही पॉलिसी घेता येते. वकिलाचा खर्च बहुतेक पॉलिसींत याच रकमेतून जातो, वेगळा मिळत नाही.

तिसरा आकडा एक्सेसचा. प्रत्येक क्लेममधली ही सुरुवातीची रक्कम तुम्हीच भरायची. समजा एक्सेस २५,००० रुपये आहे आणि गाडीच्या काचेचं बिल १८,००० चं आलं, तर विमा असून खिशातूनच द्यायचे. स्वस्त पॉलिसीचं गुपित बऱ्याचदा इथेच असतं.

मग रक्कम ठरवायची कशी? ग्राहक सांगतो तेवढीच घेऊ नका. तुमच्या वर्षातलं सगळ्यात धोक्याचं काम डोळ्यांसमोर आणा. कोथरूडमधल्या दुमजली बंगल्याच्या खिडक्या पुसणाऱ्याचा आणि लोअर परळला टॉवरवरून लटकणाऱ्याचा धोका एक नाही. कमावत्या माणसाला कायमचं अपंगत्व आलं तर कोर्ट त्याचं वय आणि कमाई बघून भरपाई ठरवतं, आणि ती अनेक लाखांत जाऊ शकते.

तारखेची गोम

आपल्याकडे या पॉलिसी सहसा "क्लेम्स-मेड" पद्धतीच्या असतात. म्हणजे नुसता अपघात पॉलिसीच्या काळात होऊन भागत नाही, नुकसानभरपाईची मागणीही पॉलिसी चालू असतानाच यावी लागते. आज बादली पडली, बाईंची नोटीस आठ महिन्यांनी आली आणि मधल्या काळात तुम्ही नूतनीकरण केलं नसेल, तर अडचण होऊ शकते.

याच पॉलिसीवर "रेट्रोॲक्टिव्ह डेट" छापलेली असते. त्या तारखेआधी घडलेल्या अपघाताचा क्लेम बसत नाही. पाच वर्षं एका कंपनीकडे विमा होता आणि यंदा दोन हजार रुपये वाचतात म्हणून दुसरीकडे गेलात, तर जुनीच तारीख पुढे चालू ठेवायला सांगा. नाहीतर मागची पाच वर्षं हातातून जातात.

आणखी एक. प्रीमियम भरल्याशिवाय विमा सुरू होत नाही, असं १९३८ च्या विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी सांगतं. "उद्या चेक देतो, आज कामाला लागतो" हे इथे चालत नाही.

बारीक अक्षरात हे शोधा

उंची: पॉलिसीत उंचीची मर्यादा आहे का? दोरावरचं काम, पाळणा, परांची यांपैकी काय चालतं?

बाहेरून आणलेले कामगार: मोठं काम आलं की मुकादमाकडून पोरं आणली जातात. त्यांच्या चुकीने झालेलं नुकसान पॉलिसीत येतं का?

सुरक्षेचे नियम: जाणूनबुजून नियम मोडले असतील तर कंपनी क्लेम नाकारू शकते. हार्नेस आयएस ३५२१ मानकाचे असावेत, खाली दोरी बांधून रस्ता अडवलेला असावा, आणि हे केल्याचे फोटो असावेत. बादली आणि वायपर दोरीने बांधून ठेवले तर पडणारच नाहीत.

वर्क ऑर्डर: "कोणत्याही कारणाने झालेलं सर्व नुकसान ठेकेदार भरेल" असं वाक्य अनेक वर्क ऑर्डरमध्ये असतं. कायद्याने येते त्यापेक्षा जास्त जबाबदारी तुम्ही सही करून अंगावर घेतली, तर ती जास्तीची जबाबदारी विमा कंपनी उचलत नाही. सही करण्याआधी "ठेकेदाराच्या हलगर्जीपणामुळे झालेलं नुकसान" असा बदल करून मागा.

दंड आणि फौजदारी: निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. शिक्षा किंवा दंड कोणताही विमा भरत नाही.

अपघात झालाच तर

आधी माणसाला दवाखान्यात न्या. मग फोटो काढा, साक्षीदारांचे नंबर घ्या आणि त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवा. आपल्याकडे भला माणूस पटकन म्हणतो, "चूक आमचीच, सगळं भरून देतो." माणुसकी म्हणून ठीक आहे, पण कंपनीला न विचारता चूक कबूल केली किंवा परस्पर तडजोड केली तर क्लेम अडकू शकतो. मदत करा, मात्र कागदावर काही लिहून देऊ नका.

क्लेम चुकीच्या कारणाने नाकारला असं वाटलं, तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. एकट्या मालकाचे धंदे आणि सूक्ष्म उद्योग तिथे दाद मागू शकतात, ५० लाखांपर्यंतची भरपाई मिळू शकते आणि फी लागत नाही. मुंबई आणि पुणे, दोन्हीकडे कार्यालयं आहेत.

एजंटला पाठवायचा मेसेज

पॉलिसी घेण्याआधी हे सात प्रश्न व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर पाठवा आणि उत्तरं लेखीच मागा. फोनवरचं "हो हो, सगळं कव्हर आहे" क्लेमच्या वेळी कुठेच दिसत नाही.

१. ज्या काचेवर काम चालू आहे तिचं नुकसान धरलंय का?
२. किती उंचीपर्यंत आणि कोणत्या पद्धतीचं काम चालेल?
३. एका अपघाताला किती आणि वर्षाला किती?
४. एक्सेस किती?
५. रेट्रोॲक्टिव्ह डेट कोणती?
६. बाहेरून आणलेल्या कामगारांच्या चुका धरल्या आहेत का?
७. कामगारांच्या विम्यात उंचीवरचं काम स्पष्ट लिहिलंय का?

उत्तरं आली की ती पॉलिसीच्या कागदाशी ताडून बघा, कारण शेवटी चालतो तो पॉलिसीचा शब्द. बाणेरच्या त्या मालकाने हा मेसेज वेळेवर पाठवला असता, तर कोणती दोन बिलं आपल्या खिशातून जाणार आहेत हे त्याला बादली पडायच्या आधीच कळलं असतं.