‘ते उपचार घ्यायला येतच नाहीत’ : अमेरिकेतील लॅटिनो समाज आणि मानसिक आरोग्याविषयीचे गैरसमज

अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत ६ कोटी २० लाखांहून अधिक लोकांनी स्वतःची नोंद हिस्पॅनिक किंवा लॅटिनो अशी केली. मेक्सिको, पोर्तो रिको, क्युबा, एल साल्व्हादोर, ग्वाटेमाला अशा अनेक ठिकाणांशी नातं सांगणारा हा समाज आहे. २०२१ च्या सरकारी पाहणीत मानसिक आजार असलेल्या गोऱ्या प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना त्या वर्षी काही ना काही उपचार मिळाले होते. लॅटिनो प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे ३६ टक्के होतं. या तफावतीचं खापर बहुतेक वेळा त्या समाजाच्याच माथी फोडलं जातं. म्हणून रूढ समजुती एकेक करून तपासायला हव्यात.

गैरसमज : त्यांच्या संस्कृतीतच मानसोपचार बसत नाहीत.

वस्तुस्थिती : ‘लोक वेडा म्हणतील’ ही भीती या समाजात आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण ती जगात सगळीकडेच आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात सर्वाधिक मानसशास्त्रज्ञ असलेला देश म्हणून ओळखला जातो तो लॅटिन अमेरिकेतलाच अर्जेंटिना. ब्युनोस आयरेसच्या पालेर्मो भागातल्या एका वस्तीत मनोविश्लेषकांचे दवाखाने इतके, की लोक तिला ‘व्हिला फ्रॉइड’ म्हणतात.

मग अमेरिकेत अडतं कुठे? याचं उत्तर जीन मिरांडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात सापडतं. वॉशिंग्टन परिसरातल्या, नैराश्याने ग्रासलेल्या २६७ स्त्रिया त्यात होत्या. बहुतेक गरीब आणि तरुण, आणि जवळपास निम्म्या लॅटिना. संशोधक या स्त्रियांपर्यंत पोचले ते माता-बालकांच्या पोषण आहाराच्या आणि कुटुंबनियोजनाच्या केंद्रांतून. काहींना औषधं दिली, काहींना विचार आणि वागणूक बदलण्यावर भर देणारं समुपदेशन दिलं, तर काहींना नेहमीसारखं दुसरीकडे उपचारासाठी पाठवलं. पहिल्या दोन गटांतल्या स्त्रियांसाठी येण्याजाण्याची सोय होती, मुलं सांभाळायची व्यवस्था होती. कुणी आलं नाही तर पुन्हा पुन्हा फोन केले जात. या दोन्ही गटांचं नैराश्य तिसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झालं. तान्हं मूल कुणाकडे ठेवायचं, हा प्रश्न सुटला की उपचारांना येणं शक्य होतं, इतकी साधी ही गोष्ट आहे.

गैरसमज : भाषेची अडचण असेल तर घरातलं मूल दुभाष्याचं काम करेल.

वस्तुस्थिती : झोप लागत नाही, नवरा मारतो, जगावंसं वाटत नाही. दहा वर्षांच्या मुलीने आईचं हे बोलणं डॉक्टरांना इंग्रजीत सांगायचं, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. बहुतेक वेळा आई ते बोलणारच नाही. ‘डोकं दुखतं’ एवढंच सांगेल आणि डोकेदुखीची गोळी घेऊन परत येईल. आजार तसाच राहील आणि मुलीच्या मनावर मात्र ओझं चढेल. म्हणूनच ‘अफोर्डेबल केअर ॲक्ट’ या आरोग्यसेवेच्या कायद्याखालच्या नियमांनुसार, तातडीचा प्रसंग सोडला तर अल्पवयीन मुलाला दुभाषी करता येत नाही. सरकारी निधी घेणाऱ्या दवाखान्याने दुभाष्याची सोय विनामूल्य करायची असते.

तरीही टंचाई मोठी आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या २०१५ च्या पाहणीत फक्त ५.५ टक्के मानसशास्त्रज्ञ स्पॅनिशमधून सेवा देऊ शकत होते. शिवाय सगळ्यांची भाषा स्पॅनिशच असते असंही नाही. कॅलिफोर्नियाच्या शेतांवर राबणारे मेक्सिकोतल्या ओआहाकाचे अनेक मजूर घरी मिश्टेक बोलतात आणि ग्वाटेमालातून आलेले कित्येक जण माम. त्यांच्यासमोर स्पॅनिश दुभाषी बसवून भागत नाही.

गैरसमज : हे सगळे कागदपत्रं नसलेले स्थलांतरित, त्यांना कुठेच उपचार मिळू शकत नाहीत.

वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या लॅटिनोंपैकी बहुसंख्य लोक अमेरिकेचे नागरिक आहेत. पोर्तो रिकोच्या लोकांना तर १९१७ पासून नागरिकत्व आहे. ज्यांच्याकडे कागदपत्रं नाहीत, त्यांना केंद्राचा गरिबांसाठीचा सर्वसाधारण मेडिकेड विमा मिळत नाही, हे खरं. १९९६ च्या कायद्यामुळे ग्रीन कार्ड मिळालेल्या अनेकांनाही त्यासाठी पाच वर्षं थांबावं लागतं. पण केंद्राच्या निधीवर चालणारी सामुदायिक आरोग्य केंद्रं देशभर आहेत. तिथली फी उत्पन्नानुसार कमी होते आणि पैसे नाहीत म्हणून रुग्णाला परत पाठवता येत नाही. त्यांतल्या अनेक ठिकाणी समुपदेशनही मिळतं.

इथे खरा अडसर भीतीचा आहे. सरकारी मदत घेतली तर कायम वास्तव्याच्या अर्जावर परिणाम होऊ शकेल, असा नियम २०१९ मध्ये आला आणि २०२१ मध्ये रद्द झाला. मधल्या काळात नागरिक असलेल्या मुलांच्याही हक्काच्या योजना घाबरलेल्या आईवडिलांनी सोडल्या. गेलेला विश्वास नियम बदलला म्हणून लगेच परत येत नाही.

गैरसमज : नव्याने आलेल्यांनाच त्रास, इथे जन्मलेली पिढी निश्चिंत.

वस्तुस्थिती : अनेक पाहण्यांत उलटंच दिसलं. विशेषतः मेक्सिकन लोकांमध्ये अमेरिकेत जन्मलेल्यांत मानसिक आजारांचं प्रमाण स्थलांतरितांपेक्षा जास्त आढळलं. मार्गारिता अलेग्रिया यांच्या नेतृत्वाखाली २००२-०३ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीने आणखी एक गोष्ट दाखवली : लॅटिनो म्हणजे एकच एक समाज नव्हे. पोर्तो रिकन लोकांमध्ये आजारांचं प्रमाण इतर गटांपेक्षा अधिक होतं. तेव्हा सगळ्यांसाठी एकच योजना आखून चालणार नाही, आणि इंग्रजी सफाईने बोलणाऱ्या कॉलेजातल्या मुलाला मदतीची गरज नाही असं धरूनही चालणार नाही.

गैरसमज : नैराश्याच्या गोळ्यांचं व्यसन लागतं.

वस्तुस्थिती : या औषधांची दारूसारखी तलफ येत नाही. मात्र ती एकदम बंद केली तर त्रास होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू थांबवायची असतात. गोळ्या नकोच वाटणाऱ्यांसाठी बोलण्यातून होणारे उपचार आहेत आणि त्यांचा गुण येतो. पोर्तो रिकोत रोसेयो आणि बेर्नाल यांनी कुटुंबाला असलेलं महत्त्व लक्षात घेऊन असे उपचार नैराश्यग्रस्त किशोरांसाठी घडवले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मुलांचं नैराश्य कमी झालेलं दिसलं.

गैरसमज : तज्ज्ञांची संख्या वाढेपर्यंत काही करता येणार नाही.

वस्तुस्थिती : लॅटिनो वस्त्यांमध्ये ‘प्रोमोतोरा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आरोग्यसेविका असतात. त्याच वस्तीतल्या, तीच भाषा बोलणाऱ्या आणि घराघरांत ओळख असलेल्या या बायका आपल्याकडच्या आशाताईंसारख्या. योग्य प्रशिक्षण आणि तज्ज्ञांची देखरेख असेल तर अशी माणसं नैराश्यावरचं समुपदेशनही करू शकतात. याचा भक्कम पुरावा गोव्यातून आला आहे. ‘संगत’ संस्थेने तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचारातलं कोणतंही पूर्वशिक्षण नसलेल्या समुपदेशकांना तयार केलं. त्यांनी घेतलेल्या सहा ते आठ बैठकांमुळे तीव्र नैराश्याचे रुग्ण बरे होण्याचं प्रमाण वाढलं.

तातडीच्या वेळी अमेरिकेत ९८८ हा क्रमांक आहे. तो लावून २ दाबलं की स्पॅनिशमध्ये बोलता येतं. २०२३ पासून स्पॅनिशमध्ये संदेश पाठवूनही मदत मागता येते.

लोक येत नाहीत, असं म्हणण्याआधी प्रत्येक दवाखान्याने स्वतःला काही प्रश्न विचारले पाहिजेत. कामावरून सुटल्यावर येता येईल अशी वेळ आपण ठेवली आहे का? फी आधी सांगतो का? प्रशिक्षित दुभाषी आहे का? न आलेल्या रुग्णाला फोन कोण करतं? ही कामं आपली आहेत. ती नीट केली तर लोक येतात आणि बरे होतात, याचा पुरावा वीस वर्षांहून अधिक काळ आपल्या हाती आहे.