स्टिकर एक, यंत्रे दोन: कोल्हापुरात संगणक निवडताना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नियमित सुरक्षा-सुधारणा देणे थांबवले. ऐन दिवाळीच्या तोंडावर कोल्हापुरातल्या कितीतरी छोट्या कारखान्यांपुढे, प्रेसपुढे आणि घरांपुढे एकच प्रश्न उभा राहिला: यंत्र बदलायचे की नुसती प्रणाली? विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्याआधीचा संगणक उत्तम चालत असला, तरी कंपनीच्या लेखी तो बाद.

दुकानात गेलेल्या माणसाला पहिल्यांदा बजेट विचारले जाते, मग आय-फाइव्ह की आय-सेव्हन. काम कोणते करणार, हे विचारायचे राहूनच जाते. सगळा गोंधळ तिथून सुरू होतो, असे माझे ठाम मत आहे.

इंटेलच्या तेराव्या पिढीतला आय-सेव्हन घ्या. डेस्कटॉपमधल्या १३७०० ला १६ कोअर आहेत. त्याची मूळ मर्यादा ६५ वॅट, आणि जोर लागला की तो २१९ वॅटपर्यंत वीज ओढू शकतो. पातळ लॅपटॉपमध्ये येणारा १३५५यू हाही तेराव्या पिढीचा आय-सेव्हनच. पण त्याला कोअर १०, त्यांतले दमदार फक्त २, मूळ मर्यादा १५ वॅट आणि कमाल ५५. ग्राफिक्स कार्डाची तीच गत. आरटीएक्स ४०७० डेस्कटॉपमध्ये १२ जीबी मेमरी आणि २०० वॅटची असते. लॅपटॉपमध्ये त्याच नावाला ८ जीबी मेमरी, आणि वॅट किती द्यायचे ते लॅपटॉप बनवणारी कंपनी ३५ ते ११५ च्या दरम्यान ठरवते. स्टिकर मात्र सारखेच. कष्टाचे पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला हे आधी सांगितलेच पाहिजे.

प्रोसेसरने ओढलेल्या विजेची शेवटी उष्णताच होते, आणि ती बाहेर काढायला जागा लागते. लॅपटॉप सुरुवातीचे काही क्षण जोरात पळतो. मग आतली उष्णता वाढली की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. म्हणून पाच मिनिटांच्या चाचणीत जवळपास सारखी वाटणारी दोन यंत्रे तीन तासांच्या कामात फार लांब पडतात.

शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव इथल्या कामात हा फरक अगदी लख्ख दिसतो. फाउंड्रीच्या डिझाईन टेबलावर दोन तऱ्हेची कामे चालतात. पॅटर्नचे थ्रीडी मॉडेल काढणे, ते फिरवून बघणे, माप बदलणे यात बहुतेक वेळ एकाच कोअरवर भार असतो. चांगला लॅपटॉप इथे डेस्कटॉपच्या बरोबरीने काम करतो. दुसरे काम सिम्युलेशनचे. साच्यात ओतलेला रस कुठे आधी थिजेल, कुठे शेवटी, पोकळी कुठे राहील याचे गणित. आयआयटी मुंबईच्या प्रा. बी. रवी यांनी विकसित केलेल्या ऑटोकास्टसारखी सॉफ्टवेअर याच कामासाठी आहेत. सविस्तर गणित लावले की सगळे कोअर बराच वेळ तापलेले राहतात, आणि तिथे डेस्कटॉपला तोड नाही. त्यात वाळूची आणि लोखंडाची बारीक धूळ. डेस्कटॉपचा बाजूचा पत्रा काढला की पंखा दिसतो, साफ होतो. लॅपटॉपची जाळी आतून तुंबली तर खालचे झाकण उघडावे लागते. रॅम वाढवायची वेळ आली तर काही पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच डकवलेली निघते.

तरी कोल्हापूरचा विचार पंचगंगेशिवाय पुरा होत नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोक्याची. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, जुलै २०२१ मध्ये पुन्हा. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर पाण्यात, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद. टेबलाखाली जमिनीवर ठेवलेला सीपीयू अशा वेळी सगळ्यात आधी भिजतो. नदीकडच्या पेठांत तळमजल्यावर ऑफिस असेल तर मी वेग थोडा कमी चालवून घेईन, पण उचलून वर नेता येईल असा लॅपटॉप घेईन. लाईट गेली तरी त्याची बॅटरी आहेच. डेस्कटॉपला यूपीएस लागतो, आणि साधा यूपीएस काम सेव्ह करण्यापुरतीच काही मिनिटे देतो.

आता प्रणाली. दुकानदार ‘विंडोज मारून देतो’ म्हणतो आणि आपण मान डोलावतो. या सवयीला इतिहास आहे. २००१ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांत महाराष्ट्राची एक पिढी विंडोज आणि ऑफिसवर शिकली. शिवाय टॅलीप्राइम विंडोजसाठीच, सॉलिडवर्क्सही तसेच. ही सॉफ्टवेअर रोजची असतील तर वाद घालू नये. परवान्याचे विंडोज घ्यावे. मॅकबुक कमी विजेत जास्त काम करतात हे २०२० च्या एम१ चिपपासून सिद्ध झाले आहे, पण उद्यमनगरच्या टेबलावर त्यांचा उपयोग थोडा.

शिवाजी विद्यापीठात शिकणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी. प्रोग्रॅमिंग, प्रबंध, इंटरनेट एवढेच काम असेल, तर घरातल्या सहाव्या पिढीच्या संगणकात एसएसडी आणि ८ जीबी रॅम टाकून त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू चढवावे. सी-डॅकने बॉस लिनक्स हीसुद्धा भारतीय भाषांसाठी काढली. मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक विंडोजसारखाच लिनक्सवरही मिळतो. केरळच्या सरकारी शाळा मुक्त प्रणालीवर वर्षानुवर्षे चालतात. आपल्याकडे तसे न होण्याला तांत्रिक कारण काहीच नाही.

सगळ्यात अवघड जागी आहेत ते प्रेसवाले. विंडोज २००० सोबत र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल फाँट आला आणि युनिकोड मराठी घरोघरी पोचायला सुरुवात झाली, पण लग्नपत्रिका, अहवाल, स्मरणिका यांच्या जुन्या फाइली श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटांत अडकलेल्या आहेत. नव्या यंत्रावर तो फाँट नसेल तर त्या उघडल्यावर निव्वळ निरर्थक अक्षरे दिसतात. म्हणून जुना संगणक लगेच भंगारात घालू नये. त्याचे इंटरनेट काढून तो फक्त जुन्या फाइलींसाठी ठेवावा, मजकूर टप्प्याटप्प्याने युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, आणि बदललेले प्रत्येक पान मूळ छापील प्रतीशी ताडून बघावे, कारण जोडाक्षरे आणि रफार नेमके याच बदलात फुटतात.