अब्राहामाची श्रद्धा : ज्यू परंपरेचे आकलन

ज्यूंच्या तोरा या धर्मग्रंथातील उत्पत्तीच्या ग्रंथानुसार अब्राहामाने वयाच्या ७५व्या वर्षी हारान सोडले. कोणत्या देशात जायचे, हेही त्याला ठाऊक नव्हते. वचनावर विसंबून पाऊल उचलणे, हा ज्यू परंपरेने श्रद्धेचा घेतलेला पहिला अर्थ. मिश्ना या ज्यू धर्मसंहितेतील ‘पिर्के आवोत’मध्ये अब्राहामाच्या श्रद्धेच्या दहा कसोट्यांचा उल्लेख आहे.

या श्रद्धेत प्रश्न विचारायला पूर्ण मुभा आहे, आणि तेच तिचे खरे वैशिष्ट्य. सदोम नगरीचा नाश होणार हे कळताच अब्राहाम देवापुढे उभा राहून वाद घालतो. दुष्टांबरोबर सज्जनही मारले जाणार काय, असे तो विचारतो. पन्नास सज्जन सापडले तर? पंचेचाळीस? चाळीस? अशी घासाघीस करत तो दहापर्यंत येतो. आपल्या माणसांसाठी मागणे वेगळे. इथे परक्या नगरीसाठी याचना आहे. बाराव्या शतकातील तत्त्वज्ञ मायमोनिडीसने तर अब्राहाम स्वतः विचार करूनच एकेश्वरापर्यंत पोहोचला, असे मांडले.

सर्वांत अवघड प्रसंग देवाने मागितलेल्या, अब्राहामाचा मुलगा इसहाक याच्या बलिदानाचा. सुरी उचलली जाते, देवदूत थांबवतो आणि झुडपात अडकलेला मेंढा बळी दिला जातो. रोश हशाना या ज्यू नववर्षाच्या सणात दुसऱ्या दिवशी हा उतारा वाचतात. त्याच सणात मेंढ्याच्या शिंगाचा शोफार फुंकतात.

अब्राहामाशी झालेल्या कराराची खूण म्हणजे मुलाची आठव्या दिवशी होणारी सुंता. कोकणातील बेने इस्रायल समाजाने इतर ज्यूंपासून दीर्घकाळ दूर राहूनही ही प्रथा सोडली नाही.