लिंक उघडते, पण फाइल जुनी निघते!

गेल्या जानेवारीत औशाहून एका पालकांचा फोन आला. "सर, तुमच्या पानावर दिलंय की हे धडे परीक्षेला नाहीत. पोराचे वर्गशिक्षक म्हणतात, आहेत. खरं काय?" पान उघडून पाहिलं. कोरोनामुळे २०२०-२१ साठी राज्यात अभ्यासक्रम २५ टक्के कमी केला होता आणि पुढच्या वर्षीही ती सूट राहिली. त्या वगळलेल्या भागाची पीडीएफ मी तेव्हा टाकली होती. पुढे पूर्ण अभ्यासक्रम परत आला, पीडीएफ मात्र तिथंच. पोरानं दोन धडे सोडून दिले होते. चूक माझीच.

"सर, लिंक ओपन होईना" अशी तक्रार आली की आपण लगेच धावतो. पण ४०४ दिसला तर निदान कळतं तरी. चालू लिंकमागची शिळी फाइल कुणालाच कळत नाही.

असं का होतं? निकालाचं पान बैठक क्रमांक टाकल्यावर त्या क्षणी तयार होतं. पीडीएफ किंवा चित्र ही स्थिर फाइल, म्हणजे कपाटात ठेवलेला कागद. मागेल त्याला आहे तशी मिळते. आतलं वर्ष कोणतं, हे सर्व्हर बघत नाही. मार्च २०१९ ला दहावीच्या भाषा विषयांची लेखी परीक्षा १०० गुणांची होती; पुढच्याच वर्षी ८० लेखी आणि २० अंतर्गत परत आलं. आता ती २०१८-१९ ची नमुना कृतिपत्रिका कुणी वेळ लावून सोडवली, तर सगळं गणितच चुकतं.

मग जुनी फाइल काढूनच टाकावी? नको. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जुनी लिंक वर्षानुवर्षं फिरते आणि फाइल काढली की ती सगळीकडे तुटते. पत्ता तोच ठेवायचा, आतला कागद बदलायचा. गुगल ड्राइव्हमध्ये डिलीट करून पुन्हा अपलोड केलं तर पत्ता बदलतो. त्याऐवजी संगणकावर त्या पीडीएफवर राइट क्लिक करून 'आवृत्त्या व्यवस्थापित करा' हा पर्याय शोधा आणि तिथून नवी फाइल चढवा. लिंक तीच राहते. मी वगळलेल्या भागाच्या जागी एकाच पानाची पीडीएफ ठेवली: "ही यादी कोरोना काळापुरती होती. आता पूर्ण अभ्यासक्रम आहे."

शाळेची स्वतःची वेबसाइट असेल तर ती सांभाळणाऱ्याला दोन आकडे सांगा. फाइल दुसरीकडे हलवली असेल तर ३०१, म्हणजे वाचणारा आपोआप नव्या पत्त्यावर जातो. कायमची काढली असेल तर ४१०. ४०४ चा अर्थ एवढाच की इथं काही सापडलं नाही. परत येईल की नाही, ते कळत नाही. सगळ्या हरवलेल्या लिंका मुखपृष्ठावर वळवणारेही आहेत. मला ते पटत नाही. स्वाध्याय मागणाऱ्याला मुख्याध्यापकांचा फोटो दाखवून काय उपयोग? ब्लॉगरच्या सेटिंगमध्येही पत्ता वळवण्याची सोय आहे, पण ती आपल्याच ब्लॉगच्या पानांपुरती.

बालभारतीच्या पुस्तकांचं वेगळं. थेट पीडीएफची लिंक देऊ नका, पुस्तकांच्या यादीचं पान द्या. आपल्या ड्राइव्हमध्ये प्रतही करून ठेवू नका. पहिलीची पुस्तकं २०२५-२६ पासून बदलली. ज्यांनी प्रती ठेवल्या, त्यांच्याकडं अजून जुनीच आहेत.

मुलांच्या मोबाइलमध्ये आधीच उतरलेल्या फाइलला मात्र कोणताच उपाय चालत नाही. म्हणून आता मी शैक्षणिक वर्ष प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात छापतो. नुसतं पहिल्या पानावर नाही, कारण पोरं मधल्याच पानाचा स्क्रीनशॉट पाठवतात. आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आत सगळ्या लिंका दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघतो. आपल्या मोबाइलवर आपली ड्राइव्ह नेहमीच उघडते. समोरच्याला 'परवानगी मागा' दिसतंय, हे आपल्याला कळतच नाही.