पाण्याची वही आणि माणसांची वही

दिवाळी म्हणजे परगावी गेलेली माणसे घरी येण्याचे दिवस, असे आपण शहरातली मंडळी धरून चालतो. पण बुलढाणा जिल्ह्यात, मराठवाड्याच्या शिवेलगत, देऊळगाव राजा आहे. त्या बाजूच्या कित्येक घरांत गणित उलटे असते. दसरा झाला, बालाजीची यात्रा आटोपली, की गाठोडी बांधायची आणि कुणी ऊसतोडीला, कुणी वीटभट्टीवर, तर कुणी पुण्याकडे बांधकामावर निघायचे. घर भरायचे त्याच दिवसांत घराला कुलूप!

या भागात हिंडताना एका वृद्ध शेतकऱ्याला मी विचारले, "बाबा, दुष्काळ पडतो म्हणून पोरे जातात का?"

"दुष्काळात तर जातातच, साहेब," ते म्हणाले. "आता बऱ्या सालीही जातात. पाऊस पडतो, पण पिकाला पाहिजे तेव्हा पडत नाही."

शास्त्रज्ञही हेच सांगतात. हवा एका अंशाने तापली, की तिच्यात सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते. मग पाऊस येतो तो धो धो, आणि मधले कोरडे दिवस लांबतात. सोयाबीनच्या शेंगा भरण्याच्या वेळी पाणी मिळाले नाही, तर वर्षाच्या पावसाची बेरीज कितीही चांगली असो, पोती भरत नाहीत.

माणसे गाव का सोडतात आणि नव्या जागी कशी रुळतात, हा विद्यापीठांचा जुना विषय आहे. पोलंडमधून अमेरिकेत गेलेल्या शेतकऱ्यांची पत्रे जमवून थॉमस आणि झ्नानियेत्स्की यांनी १९१८ ते १९२० या काळात मोठा ग्रंथ सिद्ध केला. आपल्याकडे धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या गोखले संस्थेने शहराची घरोघर पाहणी केली. तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ साली निघाले. के. सी. झकेरिया यांचा मुंबईत आलेल्या लोकांवरचा अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९९० मध्ये हवामानबदलावरील आंतरराष्ट्रीय मंडळाने आपल्या पहिल्याच अहवालात बजावले, की या बदलाचा सर्वांत गंभीर परिणाम कदाचित माणसांच्या स्थलांतरावरच होईल.

पाण्याची वही आता नीट लिहिली जाऊ लागली आहे. महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या मदतीने २०१८ साली १५ जिल्ह्यांत 'पोकरा' प्रकल्प सुरू केला. बुलढाणा त्यांत आहे. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत मुंबईच्या आय.आय.टी.ने बसवून दिली. पाऊस किती पडला, वाहून किती गेला, मुरला किती, पिकांनी घेतला किती? गृहिणी महिनाअखेर हिशेब लिहिते ना, अगदी तसाच!

माणसांची वही मात्र अर्धवट आहे. २०११ च्या जनगणनेत स्थलांतरितांचा आकडा सुमारे ४५ कोटी निघाला. पण त्यांत फार मोठा वाटा लग्न होऊन सासरी गेलेल्या स्त्रियांचा. चार-सहा महिन्यांसाठी बिऱ्हाड हलवणारा मजूर त्यात नीट उमटत नाही. त्याच्या मुलाची शाळा अध्यामध्या तुटते, आणि शहरात तो कायम 'बाहेरचा' राहतो. रेशनकार्ड देशात कुठेही चालावे अशी सोय २०१९ पासून होत गेली, हे चांगलेच झाले. पण दुकानदाराने धान्य दिले म्हणजे वस्तीने आपले म्हटले, असे होत नाही.

ही गोष्ट या मातीला नवी नाही. याच तालुक्यातले मेहुणा राजा हे परंपरेनुसार संत चोखामेळ्यांचे जन्मगाव. तेथून ते मंगळवेढ्याला गेले. १३३८ साली गावकुसाच्या बांधकामावर राबत असताना भिंत कोसळली आणि ते तिच्याखाली गेले. पंढरपुरात त्यांची समाधी आहे, ती महाद्वाराशी, मंदिराबाहेर. खडकपूर्णेच्या जलाशयाला आज 'संत चोखासागर' हे नाव आहे. पाण्याला त्यांचे नाव मिळाले. भिंती बांधायला जाणाऱ्या मजुराचे नाव अजून वहीत चढायचे आहे.

यावर उपाय नाही असे नाही. याच तालुक्यात जाळीच्या शेडमध्ये भाज्यांचे बियाणे तयार होते. त्यासाठी एकेका फुलावर हाताने पराग लावावा लागतो, आणि त्या नाजूक कामाने बायाबापड्यांना गावातच मजुरी मिळते. पण वादळाने जाळी फाडली, गारा पडल्या, की तो आधारही डळमळतो. म्हणून माझे म्हणणे असे, की विद्यापीठांनी या दोन वह्या एकत्र बांधाव्यात. कोणत्या गावात पाण्याची तूट पडली हे ऑगस्टमध्ये कळते. मग तिथून माणसे कुठे जाणार, हे ऑक्टोबरपूर्वी कळायला काय हरकत आहे? तसे झाले, तर मजूर पोचण्याआधी तिथे मुलांसाठी मास्तर नेमता येईल.

आणि आपण? करंजीच्या सारणातली साखर ज्यांच्या कोयत्याने येते आणि आपला फ्लॅट ज्यांच्या हातांनी उभा राहतो, ती ही माणसे. शेजारच्या बांधकामावर मुले खेळताना दिसली, तर फराळाचे ताट जरूर द्या, पण त्यांच्या आईला "ताई, ही मुले शाळेत जातात का?" एवढे विचारा, आणि जात नसतील तर तिच्याबरोबर जवळच्या शाळेपर्यंत जा.