जट ही देवीची खूण नव्हे

गेल्या फाल्गुनातली गोष्ट. उमरीजवळच्या एका खेड्यातील आजीबाई आपल्या अकरा वर्षांच्या नातीला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलीच्या मानेवर गाठी आल्या होत्या. डोक्यावरचा रुमाल काढून पाहिले, तर मागे लिंबाएवढा केसांचा घट्ट गोळा. कात्रीचे नाव काढताच आजीबाई कळवळल्या, ‘‘डाक्टरसाब, कात्री लावू नका. यल्लम्मा आली हो पोरीच्या केसात!’’

पोरीला देवीला सोडावे लागणार, असे शेजारणींनी सांगून ठेवले होते. महिनाभर शाळा बंद होती. म्हणून आज या जटेविषयी थोडे सविस्तर लिहितो.

कुरळे केस म्हणजे काय?

केस कातडीतल्या एका बारीक पिशवीतून उगवतो. पिशवी सरळ असेल तर केस सरळ, वाकडी असेल तर कुरळा. हे आईबापांकडून आलेले असते. त्यात दोष नाही की दैवी संकेत नाही. आफ्रिकेतील लोकांचे केस निसर्गतःच घट्ट कुरळे असतात. आपल्या मराठवाड्यात खडकी म्हणजे पुढचे औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) वसविणारा मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा हबशी होता. कर्नाटकात कारवारकडच्या सिद्दी बांधवांचे पूर्वजही आफ्रिकेतलेच आणि त्यांच्यात असे केस आजही दिसतात. आपल्याकडेही पुष्कळ घरांत एखाद्या मुलीचे केस दाट आणि कुरळे असतात.

अशा केसांची निगा मात्र वेगळी लागते. डोक्याच्या कातडीतून पाझरणारे तेल सरळ केसावरून शेंड्यापर्यंत उतरते. कुरळ्या केसाच्या वळणांवर ते अडते आणि शेंडे कोरडे, राठ राहतात. दुसरे असे, की प्रत्येकाचे रोज ५० ते १०० केस गळतात. सरळ केस खाली पडतात, कुरळे केस उरलेल्या केसांतच अडकून बसतात. आठ-पंधरा दिवस फणी फिरली नाही की गुंता होतो. त्यात धूळ, घाम, तेल बसते, उशीवर घासून तो दाबला जातो आणि लोकरीसारखा घट्ट होतो. डोक्याच्या मागच्या बाजूला जट लवकर धरते ती याच कारणाने.

या मुलीचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले होते. आजीचे डोळे अधू. मध्ये मुलगी तापाने तीन आठवडे अंथरुणावर होती. केस विंचरायला घरात कोणी नव्हते, एवढेच जटेचे कारण!

कापल्याने काय होते?

काहीही होत नाही. केसाचा बाहेरचा भाग निर्जीव असतो. त्यात रक्त नाही, मज्जातंतू नाहीत. नखे कापताना दुखत नाही, तसेच हे. उलट जट ठेवल्यानेच त्रास होतो. ती धुतली तरी आतून लवकर वाळत नाही. दुर्गंधी येते, उवा होतात, खाजवून फोड होतात, ते पिकले की मानेवर गाठी येतात. वर्षानुवर्षे वाढलेल्या जटेच्या वजनाने मान आणि डोके दुखते.

‘जट काढली आणि घरात माणूस दगावले’ असे सांगणारे भेटतात. दुखणी आणि मृत्यू जट नसलेल्या घरांतही येतात, त्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. ही भीती फक्त आपल्याकडेच होती असेही नाही. युरोपात पोलंडमध्ये जट कापली तर रोग शरीरात शिरतो, असे लोक मानीत. एकोणिसाव्या शतकात क्राको शहरातील डॉ. दिएत्ल यांनी त्याविरुद्ध कंबर कसली. आपल्याकडे डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या, पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी अनेक महिलांना जटेतून मोकळे केले आहे. आणि मुलीला देवीला सोडणे हा तर २००५ च्या कायद्याने गुन्हा आहे.

काय करावे?

१. जट लहान असेल तर खोबरेल तेल भरपूर जिरवून बोटांनी, थोडी थोडी, कडेपासून सोडवावी. मोठी असेल तर कातडीपासून बोटभर अंतर ठेवून कात्रीने कापावी. वस्तरा लावू नये.

२. उवांसाठी परमेथ्रिनचे एक टक्क्याचे औषध दहा मिनिटे लावून धुवावे, आठ-दहा दिवसांनी पुन्हा लावावे. घरातील सर्वांचे केस तपासावेत. रॉकेल कदापि लावू नये. फोड पिकले असतील तर डॉक्टरांना दाखवावे.

३. कुरळे केस आठवड्यातून एकदा-दोनदा शिकेकाईने किंवा सौम्य शाम्पूने धुवावेत. कपड्याचा साबण वापरू नये. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा राप केसांवर बसतो. तेव्हा शेवटचे तांब्याभर पाणी पावसाचे किंवा गोडे मिळाले तर उत्तम.

४. केस खसाखसा न पुसता जुन्या मऊ धोतराने टिपावेत. ओलसर असतानाच थोडे तेल लावून रुंद दातांच्या फणीने आधी शेंडे, मग मधला भाग, शेवटी मुळे असे विंचरावे. मुळापासून ओढल्यास गुंता आवळतो.

५. झोपताना सैल वेणी घालावी. फार आवळून बांधल्यास कपाळाजवळचे केस विरळ होतात.

आजीबाईंना मी एवढेच म्हणालो, ‘‘आजी, देवीवरची श्रद्धा सोडा असे मी म्हणत नाही. माहूरला जा, रेणुकामातेची ओटी भरा. पण कोणती आई लेकराच्या डोक्यात उवा आणि फोड देईल?’’ त्या काही न बोलता गेल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनीच नातीला माझ्यासमोर बसविले. कापलेली जट पदरात बांधून नेली, मीही अडविले नाही. सोमवारी मुलगी शाळेत गेली.

आईवडील कामासाठी बाहेरगावी असलेली अशी मुले आपल्या गल्लीतही असतील. एखाद्या दुपारी त्यांच्या डोक्यावरून फणी फिरवा. जट धरण्याआधीच ती सुटेल.